पॉला रॅडक्लिफचं आत्मचरित्र आणि फसलेल्या शर्यती: सोलापूरकर वाचक-धावपटूंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सकाळी संभाजी तलावाच्या बाजूला धावणारे आणि संध्याकाळी ब्रिटनची मॅरेथॉनपटू पॉला रॅडक्लिफ हिच्या आत्मचरित्रावर तावातावाने बोलणारे, अशा दोघांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. निम्म्याहून जास्त प्रश्न फिरून फिरून २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकवरच येतात, म्हणून ते उत्तर सगळ्यांत लांब झालं आहे.

पुस्तक नेमकं कोणतं? संपूर्ण कारकीर्द आहे का त्यात?

'पॉला: माय स्टोरी सो फार'. २००४ मध्ये आलं, लेखनात डेव्हिड वॉल्श या क्रीडापत्रकाराची साथ आहे. नावातच 'आतापर्यंतची' असं म्हटलं आहे, ते विसरू नका. अथेन्स ऑलिंपिकची जखम ओली असताना हे पुस्तक बाजारात आलं. त्यामुळे २००५ चं जागतिक विजेतेपद, बाळंतपण, बीजिंगमधला फज्जा, २०१२ ची माघार, २०१५ चे आरोप यांतलं काहीही त्यात सापडणार नाही. 'हे तिने का लिहिलं नाही' असं विचारण्याआधी साल बघा. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

कारकिर्दीची तोंडओळख थोडक्यात मिळेल का?

जन्म १७ डिसेंबर १९७३, इंग्लंडमधल्या चेशायर परगण्यातल्या डेव्हनहॅमचा. वडील हौशी मॅरेथॉनपटू. पुढे कुटुंब बेडफर्डजवळ आलं आणि तिथल्या क्लबात अ‍ॅलेक्स स्टँटन हे प्रशिक्षक मिळाले, ते अखेरपर्यंत. १९८६ मध्ये मुलींच्या राष्ट्रीय क्रॉसकंट्रीत (माळरानावरच्या, चिखलमातीतल्या शर्यतीत) ती २९९ वी आली. धावणाऱ्या होत्या सुमारे सहाशे. पुढच्याच वर्षी त्याच स्पर्धेत चौथी. १९९२ मध्ये बोस्टनच्या बर्फात कनिष्ठ गटाची जागतिक क्रॉसकंट्री जिंकली, तेव्हा पुढे विश्वविक्रम करणारी चीनची वांग जुनशिया तिच्या मागे होती.

मग ट्रॅकवरची दहा वर्षं, ज्यांत पदक हुकण्याचीच सवय लागली: १९९६ अटलांटा ५,००० मीटरमध्ये पाचवी, १९९७ अथेन्स जागतिक स्पर्धेत चौथी, १९९९ सेव्हियामध्ये १०,००० मीटरचं रौप्य, २००० सिडनीत चौथी, २००१ एडमंटनमध्ये पुन्हा चौथी. २००२ मध्ये ती मॅरेथॉनला उतरली आणि चित्र पालटलं. एप्रिलमध्ये लंडन २:१८:५६, ऑक्टोबरमध्ये शिकागो २:१७:१८ म्हणजे विश्वविक्रम, आणि १३ एप्रिल २००३ ला लंडनमध्ये २:१५:२५. हा विक्रम १६ वर्षं टिकला. ऑक्टोबर २०१९ मध्ये ब्रिजिड कोसगेईने शिकागोत २:१४:०४ धावून तो मोडला.

२:१५:२५ म्हणजे किती वेगात? आकडा कळतो, पण डोळ्यांपुढे येत नाही.

किलोमीटरला ३ मिनिटं १२.६ सेकंद. ताशी १८.७ किलोमीटर. ४०० मीटरच्या ट्रॅकवर एक फेरी ७७ सेकंदांत आणि अशा १०५ फेऱ्या सलग, वर थोडं उरतंच. तुमच्या ओळखीतला चांगला पळणारा पोरगा एक फेरी ७७ सेकंदांत मारेल, दोन मारेल, तिसरीला कमरेवर हात ठेवून उभा राहील.

सोलापुरी हिशेब हवा असेल तर कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांचा रस्ता घ्या. अंतर ४५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मॅरेथॉनपेक्षा थोडंच जास्त. लोक रूपाभवानीला नमस्कार करून निघतात आणि रात्रभर चालतात. या वेगाने तेच अंतर २ तास २५ मिनिटांच्या आत संपेल; घाटाची चढण मात्र यात धरलेली नाही. सायकलवर तिच्या शेजारून जायचं म्हटलं तरी साध्या सायकलवाल्याला गप्पा मारता येणार नाहीत.

आणखी एक बारकावा. त्या दिवशी पहिला अर्धा भाग १:०८:०२ आणि दुसरा १:०७:२३. म्हणजे उत्तरार्ध ३९ सेकंदांनी जलद. आपल्याकडे पहिल्या पाच किलोमीटरमध्ये 'पाय मोकळे आहेत' म्हणून उधळून देणारे खूप. त्यांनी हे दोन आकडे घरात चिकटवून ठेवावेत. आणि या शर्यतीच्या काही आठवडे आधीच अल्बुकर्कीत सराव करताना सायकलवरच्या एका मुलीशी धडक होऊन तिचा जबडा निखळला होता.

सिडनीत बहुतेक वेळ पुढे राहून ती चौथी का आली?

कारण १०,००० मीटरची शर्यत बहुतेक वेळा शेवटच्या ४०० मीटरमध्ये ठरते आणि तिच्याकडे तो शेवटचा झटका नव्हता. तिचा सगळा डाव एकच: सुरुवातीपासून वेग इतका चढा ठेवायचा की मागच्यांच्या पायांत शेवटी काही उरू नये. सिडनीत बाकीच्या गळाल्या, पण डेरार्टू टुलू, गेटे वामी आणि फर्नांडा रिबेरो चिकटून राहिल्या आणि शेवटच्या फेरीत निघून गेल्या. पॉलाची वेळ ३०:२६.९७, ब्रिटनचा त्या वेळचा विक्रम. विक्रम करूनही पदक नाही.

यात तांत्रिक मुद्दा असा. पुढे धावणारा हवा कापतो आणि वेग ठरवण्याचा ताणही घेतो. मागचा दोन्ही वाचवतो. ज्याच्याकडे जास्त वेगवान स्नायूतंतू आहेत त्याला मागे राहणंच परवडतं. पॉलाने मागे राहून वाट पाहिली असती तरी शेवटच्या फेरीत हरलीच असती, म्हणून 'डावपेच चुकले' ही टीका आम्हाला पटत नाही. चूक काही असेल तर अंतर निवडण्यात होती, आणि ती तिने २००२ मध्ये दुरुस्त केली. मॅरेथॉनमध्ये अडीच तासांच्या आत शेवटच्या फेरीची वेळच येऊ द्यायची नाही, हे तिला जमलं.

एडमंटनमधला फलक आणि छातीवरची लाल फीत, हे काय प्रकरण?

२००१ मध्ये रशियाची ओल्गा येगोरोवा ईपीओच्या चाचणीत सापडली, पण चाचणीची प्रक्रिया नियमाप्रमाणे न झाल्याने तिला धावू दिलं गेलं. ईपीओ म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारं संप्रेरक. पेशी वाढल्या की प्राणवायू जास्त वाहून नेला जातो. पॉलाने प्रेक्षकांत उभं राहून 'ईपीओवाले भामटे, चालते व्हा' अशा अर्थाचा फलक धरला. लाल फीत त्याआधीपासूनची, १९९९ पासून. रक्ताची चाचणी सक्तीची करा एवढीच तिची मागणी. त्याच स्पर्धेत १०,००० मीटरनंतर नवरा गॅरी लॉ याच्याशी ट्रॅकवरच तिची खडाजंगी झाली आणि ती साऱ्या जगाने टीव्हीवर पाहिली. चर्चेत लोकांना हे भांडणच जास्त आठवतं. संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच, त्यावर वेळ घालवू नये.

अथेन्समध्ये नेमकं काय झालं?

तारीख २२ ऑगस्ट २००४, सुरुवात संध्याकाळी ६ वाजता, हवा ३५ अंशांच्या आसपास. सोलापूरकरांना हा आकडा किरकोळ वाटेल, पण चैत्रातल्या संध्याकाळी सहा वाजता होटगी रोडवर डांबरातून जी धग वर येते ती आठवा, आणि त्या धगीत ४२ किलोमीटर शर्यतीच्या वेगाने धावायचं आहे असं समजा.

रस्ता मॅरेथॉन गावातून अथेन्सच्या जुन्या संगमरवरी स्टेडियमपर्यंतचा. साधारण १० व्या किलोमीटरपासून ३१ व्यापर्यंत चढण, मग उतार. जपानच्या मिझुकी नोगुचीने चढणीवरच वेग वाढवला आणि २:२६:२० मध्ये जिंकली. कॅथरीन न्देरेबा १२ सेकंदांनी मागे. पॉला चौथ्या स्थानावर घसरली, ३६ किलोमीटरच्या सुमारास थांबली, पुन्हा धावायचा प्रयत्न केला, पुन्हा थांबली आणि रस्त्याच्या कडेला बसून रडू लागली. हे दृश्य एवढं दाखवलं गेलं की लोकांना तिची बाकी कारकीर्द अंधूक आठवते आणि तो फुटपाथ स्पष्ट.

आता कारणं. शर्यतीच्या काही दिवस आधी पायाला दुखापत झाली होती. ती आटोक्यात ठेवायला सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या मोठ्या प्रमाणात घ्याव्या लागल्या. त्यांनी पोट बिघडवलं आणि खाल्लेलं अंगी लागेना. इथे गणित करून बघा. धावताना ढोबळमानाने दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला १ कॅलरी लागते. पॉलाचं वजन ५४ किलोच्या आसपास. ५४ गुणिले ४२.२ म्हणजे जवळपास २,२८० कॅलरी. स्नायू आणि यकृत मिळून साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, पूर्ण भरलं तरी साधारण २,००० कॅलरी पुरवतं. उरलेलं चरबीतून आणि वाटेत प्यायलेल्या साखरपाण्यातून येतं. चरबी जळते, पण संथ. त्या वेगाला पुरत नाही. आता आधीची टाकी अर्धवट भरलेली, वाटेत प्यायलेलं पोटात पडून राहिलेलं, वरून उष्णतेमुळे रक्त त्वचेकडे वळलेलं. अशा अवस्थेत ३० च्या पुढे कुठेतरी गाडी बंद पडणारच. कुठे, एवढाच प्रश्न होता.

ती थांबली तेव्हा चढण मागे पडली होती, पुढे उतार होता. नुसती चढण जड गेली असती तर तिथे थोडा तरी वेग परत आला असता.

पण पाच दिवसांनी १०,००० मीटरलाही थांबली. मग मन कच्चंच म्हणायचं ना?

२७ ऑगस्टला ती उतरली आणि आठ फेऱ्या शिल्लक असताना बाहेर पडली. पोट पाच दिवसांत पूर्ववत होत नाही, रिकामं झालेलं अंग भरून यायला त्याहून जास्त वेळ लागतो. आमच्या मते मॅरेथॉन हा अपघात होता. १०,००० ला उतरणं मात्र चुकीचा निर्णय होता. दोन्ही एकाच मापाने मोजू नयेत. आणि मन कच्चं असतं तर त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला न्यूयॉर्कमध्ये २:२३:१० धावून सुसान चेपकेमेईला काही सेकंदांनी हरवलं नसतं. ती शर्यत शेवटच्या काही शे मीटरवर ठरली. शेवटचा झटका नाही म्हणून जिला हिणवलं, तिने ती त्या झटक्यावरच जिंकली.

मग गोळी घेऊन धावायचंच नाही का?

इब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गटातली गोळी शर्यतीच्या सकाळी घेऊ नका, आणि सोसेना म्हणून वाटेत तर नकोच. हा गट शरीरातली प्रोस्टाग्लँडिन्स दाबतो. त्यांच्यामुळे सूज येते हे खरं, पण पोटाचं अस्तर राखणं आणि मूत्रपिंडाला रक्त पुरवणं ही कामंही तीच करतात. घाम गेल्याने आधीच रक्त कमी पोचत असतं, त्यात गोळीने तो नळ आणखी आवळला जातो. सोलापूरच्या उन्हात हा धोका थंड प्रदेशापेक्षा जास्त. चहासारख्या रंगाची लघवी, शर्यतीनंतर ६ ते ८ तास लघवीच न होणं, थांबत नाहीत अशा उलट्या, काळी शौच: यांपैकी काहीही दिसलं तर लिंबूपाणी पीत घरी पडून न राहता दवाखाना गाठा.

साधा नियम: ज्या दुखण्याला धावण्यासाठी गोळी लागते, त्या दुखण्यावर धावायचं नाही.

शर्यतीत खायचं-प्यायचं किती? तिथली जेलं (धावताना चोखायची साखरेची पाकिटं) इथे परवडत नाहीत.

तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हे रूढ माप. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम, १० ग्रॅम गुळाच्या खड्यात ९-१० ग्रॅम. म्हणजे तासाला एक केळं आणि दोन खडे गूळ एवढ्यावर काम भागतं. सोबत पाणी हवंच, नाहीतर गूळ पोटात पाणी ओढून घेतो आणि कळ येते. घरचं मीठ-साखरेचं पाणी: १ लिटरला सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त पडलं तर मळमळतं, हीच नेहमीची चूक.

पाणी किती, हे स्वतःच्या वजनकाट्याला विचारा. धावण्याआधी आणि नंतर, घाम पुसून, शक्य तितक्या कमी कपड्यांत वजन करा. १ किलो कमी म्हणजे १ लिटर गेलं. त्यात वाटेत प्यायलेलं मिळवा. हे माप हुरड्याच्या दिवसांत वेगळं निघेल आणि मे महिन्यात वेगळं. गेलं त्याहून जास्त कधीही पिऊ नका; रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि माणूस गोंधळल्यासारखा करतो.

आदल्या रात्री शेंगाचटणी, मोडाची उसळ, तिखट रस्सा टाळा. २००५ च्या लंडनमध्ये पोटात कळ आल्याने पॉलाला भर रस्त्यात कडेला बसावं लागलं, सगळ्या कॅमेऱ्यांदेखत. लोक अजून हसतात. उठली आणि २:१७:४२ मध्ये जिंकली, हेही हसताना सांगावं. धावताना आतड्यांचा रक्तपुरवठा पायांकडे वळतो, त्यामुळे तंतुमय आणि तेलकट अन्न तिथेच ढवळतं. भात, दही, साधं वरण, एवढंच. आणि जे शर्यतीत खायचं ते आधी सरावाच्या किमान तीन लांब धावांमध्ये खाऊन बघितलेलं हवं.

तिला रक्तक्षय आणि दमा होता. असं असताना एवढं धावता येतं?

दोन्ही किशोरवयातच निघाले. रक्तक्षयाचं पहिलं लक्षण चक्कर नसून, नेहमीच्या वेगाला अचानक धाप लागणं हे असतं. मुलींनी नुसतं हिमोग्लोबिन बघून समाधान मानू नये. सोबत फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्यावं. हिमोग्लोबिन १२ च्या वर असूनही साठा रिकामा असू शकतो. बाजरी, तीळ, हळीव, हिरव्या पालेभाज्या यांवर लिंबू पिळा, आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका, चहातलं टॅनिन लोह अडवतं. हे सोलापुरात सांगणं अवघड आहे, कल्पना आहे. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय नकोत.

दमा असेल तर फवारा धावण्याच्या १० ते १५ मिनिटं आधी, मग १५ मिनिटं हळू वॉर्मअप, मग वेग. यंत्रमागाच्या पट्ट्यात कापसाची धूळ असते, हायवेवर ट्रकचा धूर. पहाटेचा मार्ग त्यानुसार निवडा. सालब्युटामॉल या दम्याच्या औषधाचा फवारा उत्तेजक म्हणून बंदी घातलेला आहे असा चुकीचा समज आहे. फवाऱ्याने २४ तासांत १,६०० मायक्रोग्रॅमपर्यंत आणि कुठल्याही ८ तासांत ६०० पर्यंत चालतो.

स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणजे काय? हाड मोडल्यावर ती धावली कशी?

हाड रोज थोडं झिजतं आणि रोज भरतं. झीज भरण्यापेक्षा पुढे गेली की बारीक चीर पडते. मुका मार किंवा स्नायूचं दुखणं पसरट असतं; हे एका बोटाने दाखवता येतं. धावताना वाढतं, पुढे पुढे रात्री झोपेतही ठणकतं, एका पायावर उडी मारली की जागच्या जागी कळ येते. पहिले दोन-तीन आठवडे एक्सरेत बहुतेक वेळा काही दिसत नाही, आणि 'एक्सरे नॉर्मल आहे' म्हणून माणूस परत धावायला लागतो. घोळ इथेच होतो. शंका असेल तर एमआरआय.

नडगीची चीर साधारण सहा ते आठ आठवड्यांत भरते. मांडीच्या हाडाच्या मानेतली असेल तर एक पाऊलही धावू नये, ती आरपार जाऊ शकते. पॉलाला २००८ मध्ये बीजिंगच्या तीन महिने आधी मांडीच्या हाडाची चीर निघाली. रस्त्यावरचा सराव जवळपास झालाच नाही, तरी उतरली, पोटरीत गोळे आले, २३ वी आली, वेळ २:३२:३८. यावेळी मात्र शर्यत पूर्ण केली.

पुस्तकात १९९४ मधली पायाची दुखापत येते ती घाईत ओलांडू नका. ती वेळेवर नीट ओळखली गेली नाही आणि १८ वर्षांनी, लंडन ऑलिंपिकच्या तोंडावर, त्याच पायाच्या झिजलेल्या सांध्याने तिला माघार घ्यायला लावली. घरच्या मैदानावरचं ऑलिंपिक गेलं ते विशीतल्या एका चिरेपायी.

बाळंतपणानंतर दहा महिन्यांत न्यूयॉर्क जिंकली. आपल्याकडे कुणी तसं करावं का?

मुलगी जानेवारी २००७ ची, शर्यत ४ नोव्हेंबरची, वेळ २:२३:०९. मधली गोष्ट कुणी सांगत नाही: घाईने परतल्यामुळे माकडहाडाच्या वरच्या हाडाला, सेक्रमला, चीर पडली आणि काही महिने गेले. आता फिजिओ साधारण बारा आठवड्यांआधी धावू नका म्हणतात, सिझेरियन असेल तर आणखी थांबून. आधी चालणं, मग ओटीपोटाचे व्यायाम, खोकताना-उडी मारताना लघवी गळत नाही ना हे बघणं, मग १ मिनिट धाव आणि २ मिनिटं चाल. अंगावर पाजत असाल तर कॅल्शियम आणि जेवण दोन्ही वाढवा. सासूबाईंचे डिंकाचे लाडू इथे कामाला येतात.

तिचा विक्रम काढून घेतला होता म्हणे?

काढायचं ठरलं होतं. लंडन २००३ ला सोबत पुरुष पेसर, म्हणजे वेग धरून देणारे धावपटू, होते. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने ठरवलं की यापुढे महिलांचा विश्वविक्रम फक्त महिलांच्याच शर्यतीतला धरायचा, आणि ते मागच्या तारखेपासून. ओरड झाली, काही आठवड्यांत माघार आली. तेव्हापासून दोन रकाने आहेत: मिश्र आणि फक्त महिला. दुसऱ्यात आधी तिची २००५ ची २:१७:४२ होती. २०२५ च्या लंडनमध्ये टिगिस्ट असेफाने तिथे २:१५:५० लावलं. म्हणजे पुरुष पेसर नसताना २:१५:२५ च्या जवळ यायला बावीस वर्षं लागली, तीही सुधारलेल्या बुटांसकट. आमच्या लेखी हीच त्या विक्रमाची खरी किंमत.

२०१५ चे आरोप?

रक्ताच्या काही जुन्या नमुन्यांवरून तिने उत्तेजक घेतल्याचा संशय घेतला गेला. उंचावरचा सराव आणि कडक उन्हातल्या शर्यतीनंतर लगेच घेतलेलं रक्त यांमुळे आकडे वर दिसतात. घाम गेल्यावर रक्त घट्ट होतं, एवढं साधं कारण. ब्रिटनच्या उत्तेजकविरोधी यंत्रणेने तपासून कारवाईजोगं काही नसल्याचं सांगितलं.

धावताना डोकं का हलवते? लांब मोजे कशाला?

डोकं हलणं ही तिची लकब. थकवा वाढला की वाढायची. शिकवून घालवण्यासारखं काही नाही. मोजे दाब देणारे. पोटरीला बरं वाटतं, वेग वाढेलच असं नाही.

तिचा सराव सोलापुरात जसाच्या तसा करता येईल?

नाही. ती आठवड्याला २०० किलोमीटरहून जास्त धावायची, फ्रान्समधल्या फाँ रोमूला, समुद्रसपाटीपासून १,८०० मीटरहून वर. सोलापूर साडेचारशे मीटरवर आहे. आपल्याकडे उंची नाही, ऊन आहे. उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. पहिल्या आठवड्यात वेग किलोमीटरला २०-३० सेकंद कमी ठेवा. मार्च ते मे टेम्पो रन (सलग चढ्या वेगाची धाव) पहाटे साडेपाचच्या आत संपवा. दर आठवड्याचं अंतर एकदम वाढवू नका आणि चौथा आठवडा हलका ठेवा. तिच्याकडून घ्यायचंच तर झोप घ्या: दुपारी झोपायची ती. कापड दुकानात दिवसभर उभं राहून संध्याकाळी इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं हळू असा आलटून पालटून सराव) मारणाऱ्याला हे सांगणं क्रूर आहे, पण चिरा तिथेच पडतात.

पुस्तकावर चर्चा ठेवायची आहे. कशी आखावी?

चार बैठका पुरतात: बालपण ते १९९२, ट्रॅकची वर्षं, २००२-०३, अथेन्स. प्रत्येक बैठकीला एका कागदावर त्या काळातल्या शर्यती, वेळ, क्रमांक आणि त्या वेळची दुखापत असे चार रकाने मांडा. शर्यतीची चित्रफीत बघायची तर प्रकरण वाचून झाल्यावर. अथेन्स पहिल्याच दिवशी काढलंत तर उरलेल्या तीन बैठका त्यावरच जातात. ललिता बाबरची तुलना निघतेच, निघू द्या. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता उलट्या वाटेने गेली, मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत तीनदा पहिली येऊन मग ३,००० मीटर स्टीपलचेसकडे (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीकडे) वळली आणि रिओत अंतिम फेरीत दहावी आली. लांबून आखूडकडे आणि आखूडवरून लांबकडे, दोन्ही बाजूंनी वाद घालायला भरपूर मिळतं.

पुस्तकात सगळं मैलांत आणि स्टोनमध्ये आहे. झटपट हिशेब?

१ मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर. मैलाच्या वेळेचे सेकंद करा आणि ०.६२१ ने गुणा, किलोमीटरला लागणारा वेळ मिळतो. ६ मिनिटांचा मैल म्हणजे ३:४४, साडेपाचचा ३:२५, आणि तिच्या लंडनचा ५:१० म्हणजे तोच ३:१२-१३. १ स्टोन म्हणजे ६.३५ किलो. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा. वाचनालयाची प्रत असेल तर वेगळ्या चिठ्ठीवर.